गुरुजींविषयी विद्यार्थ्याने बोलावे काय?

(विद्यार्थी दिवसानिमित्त भरलेल्या पालकसभेत केलेले भाषण)



7 नोव्हेंबर 1900 रोजी सातारच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. त्या घटनेची आठवण म्हणून 2017 पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळीत आहे. या दिवशी बहुतेक ठिकाणी काय होते, ते आपण जाणता. प्रतिमेस हार घातला जातो, पाहुणे भाषण करतात आणि विद्यार्थी सतरंजीवर बसून ऐकतात. विद्यार्थ्याच्या नावाने जो दिवस साजरा होतो, त्या दिवशीही बोलण्याचे काम विद्यार्थ्यांकडे नसते. आज मीही त्या पाहुण्यांपैकीच एक आहे, तेव्हा मला तक्रार करता येत नाही. परंतु विषय निवडण्याचे स्वातंत्र्य चालकांनी मला दिले, म्हणून मी हा प्रश्न आपणापुढे मांडावयाचे ठरविले: माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनी आपल्या शिक्षकांच्या शिकविण्याविषयी अभिप्राय द्यावा काय, आणि शाळेने तो मागावा काय?

माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्या उत्तराला अटी आहेत. माझा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे आपण त्या अटी काळजीपूर्वक ऐकाव्यात, अशी विनंती आहे. एखादा हक्क कागदावर मिळणे आणि तो हाती येणे यांत जे अंतर असते, ते अटींमध्येच लपलेले असते.

प्रथम आपल्या घरातील आक्षेप घेऊ. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. देव्हारा घरातून गेला, पण गुरूविषयी जी समजूत पिढ्यान्‌पिढ्या मनात बसली आहे, ती एका दिवसात कशी जाणार? गुरूचा दोष काढणे हे पाप आहे, असे आई मुलाला आजही सांगते. या समजुतीचा आदर्श कोण? एकलव्य. ज्या आचार्याने त्याला शिकविण्यास नकार दिला, त्यानेच दक्षिणा म्हणून त्याचा अंगठा मागितला आणि मुलाने तो मुकाट्याने कापून दिला. ही कथा आपल्या मुलांना गुरुभक्तीचा नमुना म्हणून सांगितली गेली. त्या मुलाला त्या आचार्याविषयी काय वाटले, हे कोणीही विचारले नाही.

याउलट भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, त्यात शिष्याची गुरूविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत आणि लगेच गुरूची शिष्याविषयी पाच कर्तव्येही सांगितली आहेत. गुरूने नीट वळण लावावे, शिकविलेले नीट समजले आहे याची काळजी घ्यावी, विद्या राखून न ठेवता पूर्ण द्यावी, शिष्याविषयी त्याच्या मित्रमंडळीत चांगले बोलावे आणि सर्व बाजूंनी त्याचे रक्षण करावे, अशा अर्थाचे ते बोल आहेत. आता मी कायद्याच्या दृष्टीने विचारतो: शिकविलेले समजले की नाही, याचा उत्तम साक्षीदार कोण? ज्याला समजावयाचे तोच ना? भिक्षुसंघात तर पवारणेची प्रथाच आहे. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्षु, थोरांपासून आरंभ करून, आपल्या ठिकाणी पाहिलेला, ऐकलेला किंवा संशय आलेला दोष सांगावा म्हणून संघाला विनंती करतो. अशा एका प्रसंगी स्वतः भगवंतांनी, आपल्या काया-वाचेत काही निंद्य आढळले काय, असे संघाला विचारल्याची नोंद संयुत्त निकायात आहे. मी धर्मोपदेशक नाही. तो अधिकार भन्तेजींचा. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, शिक्षकाविषयी विचारपूर्वक बोलणारे मूल आपल्या घरात धर्म सोडीत नाही.

आता साताऱ्याकडे येऊ. त्या शाळेतील दिवसांचे वर्णन बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत केले आहे. गोणपाट घरून न्यावयाचे, वर्गाच्या कोपऱ्यात अंथरून बसावयाचे, संध्याकाळी ते परत घरी आणावयाचे. तहान लागली तर मास्तरांची परवानगी मिळूनही भागत नसे. शिपाई हजर असेल तर पाणी, नसेल तर तहान. नऊ वर्षांच्या त्या विद्यार्थ्याचा हा शाळेविषयीचा अभिप्राय होय. तो त्यांनी लिहून काढला 1935-36 च्या सुमारास आणि त्यांच्याच शब्दांत पुस्तिकेच्या रूपाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तो प्रसिद्ध केला 1990 साली. म्हणजे तो अभिप्राय छापून यावयास नव्वद वर्षे लागली. आणि तोही विद्यार्थी बाबासाहेब होता म्हणून आला. त्याच गोणपाटावर बसलेल्या इतर हजारो मुलांचे अभिप्राय त्यांच्याबरोबर विझून गेले.

आज गोणपाट नाही. परंतु आजचा प्रकार वेगळ्या कपड्यांत येतो. ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ असे भर वर्गात म्हटले जाते. एखाद्या मुलाने गणित सोडविले तर ‘तुम्हाला एवढ्याची काय गरज, तुम्हाला सवलत आहे’ असे हसत हसत म्हटले जाते. वही हातात न देता बाकावर टाकली जाते. यांतील कोणत्याही एका गोष्टीवर फिर्याद उभी राहणे कठीण. मुलाला ते कळते, पण सांगता येत नाही. सांगितले तर बाप म्हणतो, ‘अभ्यास कर, तिकडे लक्ष देऊ नको.’ एकदा माझ्याकडे एक गृहस्थ मुलीच्या दाखल्यावरील नोंद दुरुस्त करून घेण्याच्या कामासाठी आले होते. दाखला एवढ्या घाईने कशाला काढला, म्हणून मी सहज विचारले. तेव्हा मुलगीच बोलली. नववीत दोन तुकड्यांपुढे तिला रोज एकाच प्रकारे हाक मारली जात होती. ती वर्षभर गप्प राहिली आणि मग शाळेत जाणार नाही म्हणाली. घरी कारण माहीत नव्हते. शाळेला माहीत नव्हते, किंवा माहीत करून घ्यावयाचे नव्हते. त्या शाळेत वर्षातून एकदा जरी एखाद्या कागदावर तिला निर्भयपणे खूण करता आली असती, तर पुढचे टळले असते काय? मी खात्री देत नाही. पण मुख्याध्यापकाला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता आले नसते, एवढे निश्चित.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात सांगतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या कलम 24 प्रमाणे शिक्षकाने नियमित व वेळेवर हजर राहावे, अभ्यासक्रम मुदतीत पुरा करावा, प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून जरूर तर जादा शिकवावे आणि पालकांची नियमित सभा घ्यावी. कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली आहे. मानसिक छळ हे शब्द आपण लक्षात ठेवा. कलम 32 प्रमाणे लेखी गाऱ्हाणे स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते व संबंधितांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांच्या आत त्याचा निर्णय व्हावा, असे आहे. कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, त्यांत वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात जागा असावी आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. मात्र यातील मेख अशी की, हा अधिनियम सहा ते चौदा वर्षांच्या बालकांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे. नववीच्या उंबरठ्यावर मूल पाऊल टाकते आणि यांतील बरेचसे छत्र त्याच्या डोक्यावरून निघून जाते. पुढे उरतात त्या माध्यमिक शाळा संहितेतील तरतुदी, शिक्षकांच्या सेवाशर्ती आणि पालक-शिक्षक संघ. ज्या वयात मुलाला सर्वांत अधिक कळू लागते, त्याच वयात त्याच्यासाठी विचारणा करणारी व्यवस्था पातळ होते. म्हणून माध्यमिक शाळेतील अभिप्रायाचा प्रश्न मी महत्त्वाचा मानतो.

मूल हे हक्काचे धनी आहे, हे आपल्या न्यायालयांनी मानलेले आहे. केरळातील तीन मुलांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहून, पण आपल्या श्रद्धेमुळे ते गाण्यास नकार दिला, म्हणून शाळेने त्यांना काढले. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास लावले व संविधानातील भाषणस्वातंत्र्याचा आणि धर्मस्वातंत्र्याचा आधार दिला. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील बारावा अनुच्छेद तर स्पष्ट आहे: ज्या गोष्टींचा मुलाशी संबंध आहे, त्यांविषयी मत देण्याचा त्याला हक्क आहे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावयाचे आहे. भारताने 1992 साली तो करार स्वीकारला.

एवढे ऐकून आपल्याला वाटेल की आता उद्याच कागद वाटावेत. थांबा. मी दुसरी बाजूही न्यायालयात पाहिली आहे.

आपल्याच समाजातील एक गणिताचे शिक्षक एका अनुदानित शाळेत होते. संस्थेचे नाव मी घेत नाही. संस्थाचालकांना ती जागा दुसऱ्या कोणासाठी हवी होती. काही दिवसांत या शिक्षकांविरुद्ध विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज आला: शिकविणे समजत नाही, बोलणे गावंढळ आहे, इत्यादी. चौकशी झाली, ते बडतर्फ झाले. शाळा न्यायाधिकरणापुढे अपील चालले तेव्हा कागद तपासता असे आढळले की, मुलांच्या अर्जातील वाक्ये आणि संस्थेच्या आरोपपत्रातील वाक्ये शब्दशः एक होती आणि अर्जावर सही करणाऱ्यांपैकी तीन मुले हजेरीपटाप्रमाणे त्या दिवशी गैरहजर होती. ते शिक्षक कामावर परत आले, पण मधली चार वर्षे त्यांच्या घराने कशी काढली, ते त्यांच्या पत्नीला विचारावे.

आता विचार करा. आपली मुले शिक्षक होत आहेत, मुली शिक्षिका होत आहेत. ज्या वर्गात त्या उभ्या राहतील, त्या वर्गातील मुले घरून काय शिकून येतात? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथे एका विद्यापीठात एक छोटासा प्रयोग झाला व 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. दूरस्थ अभ्यासक्रमात शिकविणारी दोन माणसे, एक पुरुष व एक स्त्री. प्रत्येकाने एका गटाला खऱ्या नावाने व दुसऱ्या गटाला दुसऱ्याच्या नावाने शिकविले. विद्यार्थ्यांनी जेथे पुरुषाचे नाव होते तेथे अधिक गुण दिले. इतकेच काय, गृहपाठ एकाच वेळी परत दिलेले असूनही वक्तशीरपणाचे गुणसुद्धा पुरुषाच्या नावाला अधिक मिळाले. विद्यार्थ्यांची संख्या थोडी होती, तेव्हा त्यावर मोठा इमला उभारू नये. पण नावामुळे एवढा फरक पडत असेल, तर आपल्याकडे आडनावामुळे किती पडेल?

तर मग अभिप्राय नकोच काय? तसेही नाही. त्याच अमेरिकेत गेट्स फाउंडेशनने 2009 पासून तीन वर्षे सुमारे 3,000 शिक्षकांच्या वर्गांचा अभ्यास केला. तेथे मुलांना ‘शिक्षक आवडतात काय’ असे विचारले नाही. वर्गात वेळ वाया जातो काय, न समजल्यास शिक्षक दुसऱ्या रीतीने समजावतात काय, अशा प्रकारचे प्रश्न विचारले. जेथे मुलांची उत्तरे अनुकूल होती, तेथे परीक्षेतील प्रगतीही सामान्यतः अधिक आढळली. त्याचबरोबर अभ्यासकांनी बजावले की, केवळ मुलांच्या उत्तरांवर शिक्षकाची पारख करू नये. निरीक्षण व निकाल यांची जोड द्यावी. आपल्याकडचे उदाहरण द्यावयाचे तर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे आहे. ते महाविद्यालयाचे आहे, शाळेचे नव्हे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना तेथे भेदभावाने वागविले जाते, अशा तक्रारी आल्यावर 2006 साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व 2007 साली तिचा अहवाल आला. समितीने विद्यार्थ्यांनाच विचारले, तेव्हा शिक्षकांच्या वागणुकीविषयी आणि तोंडी परीक्षेविषयी जे कोणी कागदावर आणले नव्हते ते कागदावर आले.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे मार्ग दिसतो. मुलाला न्यायाधीश करू नये, साक्षीदार करावे. साक्षीदाराला आपण मत विचारीत नाही. काय पाहिले, काय ऐकले ते विचारतो. म्हणून कागदावरचे प्रश्न असे असावेत: गुरुजी तासाला वेळेवर येतात काय? न समजलेले पुन्हा विचारले तर सांगतात काय? वही तपासताना चूक कोठे झाली ते लिहितात काय? फळ्यापाशी सर्वांना पाळीपाळीने बोलावतात, की ठरावीक मुलांनाच? वर्गात कोणाची जात, धर्म, शिष्यवृत्ती किंवा वडिलांचा धंदा यांचा उल्लेख होतो काय? कोणता धडा पुन्हा शिकवावा असे वाटते? ‘बाई कशा आहेत’, ‘दहापैकी गुण द्या’ असे प्रश्न मुळीच नसावेत. गुण देण्याची हौस आली की आडनाव, रंग, बोली, साडी सारे त्या गुणांत उतरते.

आणि एक गोष्ट मी वकील म्हणून ठासून सांगतो. अभिप्राय वेगळा आणि तक्रार वेगळी. अभिप्राय शिक्षकाचे शिकविणे सुधारावे म्हणून असतो. त्यावर नाव नसावे, तो गोपनीय अहवालास जोडू नये व त्याच्या आधारे कोणाचीही वेतनवाढ अडवू नये की कोणास नोकरीवरून काढू नये. तक्रार ही शिक्षा व्हावी म्हणून असते. तीत नाव, दिवस, वेळ, साक्षीदार असले पाहिजेत आणि ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याला उत्तर देण्याची संधी मिळाली पाहिजे. जातीवरून अपमान झाला असेल, मारहाण झाली असेल, तर अभिप्रायाच्या कागदावर खूण करून घरी बसू नका. लेखी तक्रार करा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियम 1989 चा आहे, आणि 1990 च्या दुरुस्तीपासून बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही, हे काही शाळांतील कारकुनांना अजूनही सांगावे लागते. अधिकार असलेल्या व्यक्तीपुढे सद्‌हेतूने केलेला आरोप ही अब्रुनुकसानी होत नाही, हा अपवाद जुन्या दंड संहितेत होता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. तेव्हा खटल्याच्या धमकीने भिऊ नका. आणि एखाद्या मुलामुलीने त्या कागदावर लैंगिक अत्याचाराचा नुसता इशारा जरी दिला, तरी तेथे अभिप्राय संपला. 2012 च्या कायद्याप्रमाणे ती माहिती पोलिसांस कळविणे शाळेवर बंधनकारक आहे आणि न कळविणे हा गुन्हा आहे. 2024 साली बदलापूरच्या घटनेनंतर शासनाने शाळांत तक्रारपेटी ठेवण्याविषयी पुन्हा आदेश काढले. आपल्या शाळेत ती पेटी कोठे टांगली आहे, तिची किल्ली कोणाकडे आहे, ती कोणासमोर उघडली जाते, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

राहिला प्रश्न भीतीचा. दहावीत अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण शिक्षकांच्या हाती असतात. मूल भिणारच. कोणी म्हणेल, मग मार्चमध्ये, सारे गुण देऊन झाल्यावर विचारा. पण मग त्या मुलाचा त्यात काय लाभ? तो तर शाळा सोडून चालला. विचारावयाचे ते दिवाळीच्या सुटीपूर्वी, प्रथम सत्राचे गुण लागल्यानंतर, म्हणजे दुसऱ्या सत्रात सुधारणेस वाव राहील. खुणांशिवाय हस्ताक्षर नसावे. पुन्हा शिकवावयाच्या धड्यालाही धड्यांची यादी छापून खूणच करावयास लावावी. कागद संबंधित शिक्षकाने गोळा करू नयेत. मुख्याध्यापक व पालक-शिक्षक संघाचा एक पालक यांनी मिळून ते मोजावेत आणि शिक्षकाला फक्त बेरीज द्यावी. वर्ग लहान असेल तर दोन तुकड्या एकत्र मोजाव्यात. जातीच्या उल्लेखाविषयीच्या प्रश्नाची बेरीज मात्र वर्गवार देऊच नये, संपूर्ण शाळेची एकच द्यावी. ज्या वर्गात आपली तीनच मुले आहेत, तेथे ती खूण कोणी केली असेल, हे शोधावयास शिक्षकाला किती वेळ लागणार?

शिक्षकांनाही माझे सांगणे आहे, आणि या सभेत शिक्षक बरेच आहेत. ती बेरीज प्रथम तुमच्या हाती यावी, हा तुमचा हक्क आहे. ‘फळ्यापाशी ठरावीक मुलांनाच बोलावतात’ असे चाळीसपैकी तीस जण म्हणत असतील, तर रागावण्याऐवजी पुढच्या सोमवारी हजेरीपट घेऊन उलट्या क्रमाने नावे पुकारून पाहा.

पालकांनी घरी एक पथ्य पाळावे. कोणत्या खाणीत खूण करावी, हे मुलाला सांगू नये. आपल्या मुलीला ज्या बाई आवडतात, त्यांच्याशी आपले गावातील भांडण असेल. ते त्या कागदात येऊ देऊ नये. मुलाने काय लिहिले, हेही विचारू नये. संस्थाचालकांनी मुलांकडून सह्या घेतल्या तर तो अन्याय आणि आपण घेतल्या तर ती चळवळ, असा भेद कायदा करीत नाही.

पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडावयाचा असेल, तर ‘शिक्षकांवर कारवाई करा’ असा ठराव आणू नका. तो पहिल्या पाच मिनिटांत फेटाळला जाईल. ‘दुसऱ्या सत्रातील अध्यापन सुधारण्यासाठी इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांकडून निनावी प्रश्नावली भरून घ्यावी’ एवढाच ठराव मांडा. सूचक व अनुमोदक यांची नावे आधी ठरवा, अनुमोदक शक्य तर दुसऱ्या समाजातील पालक असावा, आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, ते सही करण्यापूर्वी वाचून पाहा. प्रश्नावलीचा मसुदा मी तयार करून आणला आहे. त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. आठवी ते दहावीच्या मुलांनी त्या आधी वाचाव्यात आणि कोणता प्रश्न समजत नाही, ते मला सांगावे. मी येथे थांबलो आहे.